पोटामागे लपलेली गळती

जठरातून निघालेलं अन्न पहिल्यांदा शिरतं ते ड्युओडेनममध्ये. लहान आतड्याचा हा पहिला भाग जेमतेम 25 सेंटिमीटर लांब, स्वादुपिंडाच्या डोक्याला वळसा घालून गेलेला. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचे पाचकरस असं सगळं मिळून रोज कित्येक लिटर द्रव इथून वाहतो. या नळीच्या स्नायूंच्या भिंतीत रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात, तिथे ती जरा कच्ची असते. वय वाढतं तसं आतलं अस्तर त्या जागेतून बाहेर डोकावू लागतं. झिजलेल्या टायरमधून ट्यूब फुगून यावी तसं. या फुगवट्याला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. पुष्कळ वृद्धांना तो असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही.

क्वचित, अगदी क्वचित, तो फुटतो. आणि खरं नवल इथेच आहे. साधा अल्सर फुटला, तर आम्ल आणि पित्त उदरपोकळीत मोकळं पसरतं, पोट लाकडासारखं कडक होतं. ड्युओडेनमचा बराचसा भाग मात्र उदरावरणाच्या मागे, पाठीच्या बाजूला चिकटलेला असतो. त्यामुळे फुगवट्याची गळती बहुधा मागच्या ऊतींमध्येच अडकून राहते. पोट मऊ लागतं, दुखणं पाठीत जातं, एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसत नाही. त्यात रुग्ण ऐंशीच्या घरातला असेल तर ताप चढेलच असं नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीही वाढू देत नाहीत. 1971 साली माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. पुढे हे तंत्र पोटापर्यंत पोहोचलं, तेव्हा आतड्यामागचे हवेचे बारीक बुडबुडे जिवंत माणसात दिसू लागले. त्याआधी हे निदान बहुधा ऑपरेशन टेबलावर नाहीतर शवविच्छेदनात होई.

निदान झालं की खरा पेच सुरू होतो. हृदय थकलेलं, किडनी अर्धवट चालणारी, भूलतज्ज्ञ साशंक. फुगवटा कापून भिंत शिवता येते. पण तो बहुतेकदा पित्तनलिकेच्या तोंडाजवळच असतो आणि तिला धक्का लागला तर संकट दुप्पट. मग ऑपरेशनच टाळावं का?

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 1989 साली फुटलेल्या अल्सरच्या 83 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. बऱ्याच जणांचं ऑपरेशनशिवाय निभावलं, पण सत्तरीपुढच्यांना हा मार्ग कमी मानवला. म्हणजे ज्यांना ऑपरेशन झेपणं अवघड, त्यांनाच थांबून राहणंही महागात पडतं. मात्र ती गळती मोकळ्या पोकळीतली होती. मागे कोंडलेल्या गळतीचा हिशेब वेगळा. रुग्ण स्थिर असेल तर तोंडाने काही न देता नाकातून राइल्स ट्यूब, शिरेतून सलाईन आणि प्रतिजैविकं; पू साठलाच तर सीटीच्या मदतीने कातडीतून बारीक नळी घालून तो काढायचा. पोषण शिरेतून किंवा गळतीच्या पुढे आतड्यात सोडलेल्या नळीतून. या काळात सर्जन पुन्हा पुन्हा पोट तपासत राहतो. रक्तदाब घसरला, पोट कडक झालं, की वाट न पाहता ऑपरेशन.

थोडक्यात, निर्णय केवळ वयावर होत नाही. गळती कुठे अडली आहे आणि रुग्ण किती स्थिर आहे, यावर होतो. म्हणून घरातल्या आजी-आजोबांचं पोट किंवा पाठ अचानक जोरात दुखू लागली, तर ताप नाही म्हणून थांबू नका. त्यांना लगेच रुग्णालयात न्या आणि रोजच्या गोळ्यांची यादी सोबत ठेवा.