सेनेगलचे सेंट लुई : जिथे हिंदुस्थानी कापड हेच नाणे होते

कापडाचा धंदा करणाऱ्या आपल्या माणसाला आफ्रिका म्हटली की नैरोबी, दारेसलाम, फार तर लागोस आठवते. पश्चिम किनाऱ्यावरचे सेनेगल कोणाच्या खिजगणतीतही नसते. माझ्याही नव्हते. चार-पाच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दलालामार्फत माझा रंगीत सुती माल तिकडे गेला. रंग सुटतो अशी तक्रार आली आणि पैसे अडकले. बोटीत खारे पाणी लागले असेल, असे सांगून मी हात झटकले. पण मनात खुटखुट राहिली. म्हणून गेल्या हिवाळ्यात नमुन्यांची पिशवी घेऊन स्वतःच गेलो.

मुंबईहून दुबईमार्गे डाकार गाठता येते. जाणाऱ्याने पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घ्यावी आणि दाखला जपून ठेवावा. तिकडे कोणी विचारो न विचारो, परतताना आपल्याच विमानतळावर विचारतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. डाकारहून सेंट लुई सुमारे २६० किलोमीटर. सात उतारू घेणाऱ्या मोटारी धावतात, त्यांना ‘सेत प्लास’ म्हणतात. सातवा उतारू मिळेपर्यंत गाडी हलत नाही. आपल्या काळ्या-पिवळ्या जीपची सख्खी बहीणच.

गाव सुमारे अडीच लाख वस्तीचे. सेनेगल नदीच्या मुखाशी एक लांबट बेट, त्यावर फ्रेंचांच्या वेळचे जुने शहर. १८९५ ते १९०२ या काळात फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी इथे होती. लाकडी सज्जांची घरे आहेत, युनेस्कोच्या यादीत २००० साली नाव आले, ते पाहायला गोरे पर्यटक येतात. व्यापाऱ्याने मात्र १८९७ चा लोखंडी पूल ओलांडून सोर भागातल्या बाजारात जावे. खरी उलाढाल तिथे आहे. घोडागाड्या, मासळी, शिंप्यांची रांग, कापडाचे ढीग. मालेगावच्या एखाद्या गजबजलेल्या मोहल्ल्यात आल्यासारखे वाटले.

देशात शंभरात पंचाण्णव लोक मुसलमान. भाषा वोलोफ आणि फ्रेंच. मला दोन्ही येत नाहीत. ‘अस्सलामु अलैकुम’ने मात्र प्रत्येक दार उघडले. एका दुकानावर अरबी अक्षरांत पाटी दिसली. उर्दू शाळेत शिकलो असल्याने ती मोठ्या ऐटीत वाचली, पण अर्थ काही लागेना! मागून कळले की ती भाषा वोलोफ, फक्त लिपी अरबी. दुकानात भिंतीवर शेख अहमदू बंबा यांची तसबीर होती. १८९५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना इथल्याच गव्हर्नरच्या कचेरीत चौकशीसाठी उभे केले, तेव्हा त्यांनी तिथेच दोन रकात नमाज पढली असे लोक सांगतात. पुढे त्यांना गॅबनला हद्दपार केले गेले. त्या नमाजेच्या आठवणीसाठी दर ५ सप्टेंबरला इथे मोठी गर्दी जमते.

आता कापडाची गोष्ट. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पाँडिचेरीहून गडद निळे सुती कापड फ्रान्समार्गे इथे येई. त्याचे नावच ‘गिने’. नदीच्या उत्तरेकडचे मूर लोक बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक आणत आणि बदल्यात हे कापड घेत. डिंकाचा भाव पैशात नव्हे, गिनेच्या ताग्यांत ठरे. म्हणजे आपल्या विणकराचा तागा हेच या नदीचे नाणे. तो डिंक युरोपात जाऊन छिटाच्या छपाईचा रंग घट्ट करायला वापरला जाई. आपले कापड देऊन मिळवलेला डिंक, आणि त्याच डिंकावर आपल्या छिटांशी स्पर्धा करणारे त्यांचे छापील कापड! व्यापार कसा फिरतो पाहा.

फ्रान्समधल्या रूआँच्या गिरण्यांनी नकली गिने करून पाहिले. मूर गिऱ्हाइकांनी ते नापसंत केले. ते कापड हाताने चोळत, निळीची चमक पाहत आणि चक्क नाकाशी धरून वास घेत. वास आला तर माल हिंदुस्थानचा. वाळवंटातल्या लोकांना निळीचा रंग अंगाला लागलेला चालत असे, किंबहुना आवडत असे. मलाही तसेच गिऱ्हाईक मिळाले असते तर!

पण तेव्हाही सगळे सुखाचे नव्हते. १८३० च्या दशकाच्या अखेरीस गिनेची आवक फार वाढली. सेंट लुईचे स्थानिक व्यापारी फ्रेंच पेढ्यांकडून उधारीवर तागे उचलत, नदीवर जाऊन डिंकासाठी चढाओढ करत आणि एकमेकांपेक्षा जास्त कापड देऊन बसत. नाण्याचा भाव पडला, उधारी मात्र तेवढीच राहिली. कितीतरी जण कर्जात बुडाले. सूत उधार, रंग उधार, माल पडत्या भावाने. हे वाचताना आपलेच बरेच काही आठवले.

सोरच्या बाजारात आज प्रतिष्ठेचे कापड म्हणजे ‘बाझँ’. विणीतच नक्षी असलेले सुती कापड, रंगवून लाकडी मोगऱ्यांनी कुटून चमक आणलेले. उत्तम प्रतीचे ऑस्ट्रियाहून येते, स्वस्त चीनहून. बकरी ईदला (तिथे ‘तबास्की’) घराघरात नवा पायघोळ झगा शिवतात आणि त्याआधी शिंपी रात्र-रात्र जागतात. तिथे घुसायचे तर हंगाम हाच.

मी एका वयस्क शिंप्यापुढे नमुने मांडले. त्याने आधी चहा ठेवला. हिरवा चहा एकामागून एक तीन वेळा देतात. तीन पेले होईपर्यंत भावाचे बोलत नाहीत, तेव्हा घाई करू नये. मग त्याने पन्हा मोजला, तागा हातावर तोलला, कापड चोळून खळ किती आहे ते पाहिले. शेवटी बोट ओले करून माझा निळा नमुना घासला आणि तेच बोट पांढऱ्या चिंधीवर फिरवले. चिंधी निळी झाली. तो काही बोलला नाही. पोराला सांगून भात-मासळीचे मोठे ताट मागवले आणि मला त्याच ताटात बसवले.

तिथे खारे पाणी नव्हते. स्वस्त रंग, अर्धवट धुलाई आणि वर जाड खळ, हे माझ्याच सांगण्यावरून झाले होते. दलालावर केलेला राग फुकट होता. डाकारच्या त्या पार्टीची रक्कम सोडून दिल्याचे पत्र मी परतल्यावर पाठवले.

निघताना शिंपी दुभाष्यामार्फत म्हणाला, कंटेनर नको, आधी एक तागा पाठव. तीनदा धुऊन पाहीन, रोखीने घेईन, पण माल तबास्कीच्या तीन महिने आधी हवा. तागा पक्क्या रंगात, बिनखळीचा तयार करून गेल्या महिन्यात रवाना केला आहे. अजून पोचायचा आहे.