हाडांना भार लागतो

जून १९७० मध्ये आंद्रियन निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ-९ यानातून सुमारे १८ दिवसांनी परतले. इतके दिवस अंतराळात तोवर कुणी राहिले नव्हते. दोघेही धडधाकट आणि कसून तयारी केलेले. पण जमिनीवर आल्यावर त्यांना धड उभे राहता येईना. त्यात बिघडलेल्या रक्ताभिसरणाचा वाटा होता, तसाच सैल पडलेल्या स्नायूंचाही. माणसाने अंतराळात जास्त दिवस राहायचे तर त्याला आधी उभे राहण्याची ताकद टिकवावी लागेल, हे त्या वेळी स्पष्ट झाले.

मी डॉक्टर नाही, अभियंताही नाही. या विषयातले जे काही कळते ते शोधनिबंध आणि मोहिमांचे अहवाल शब्दकोश शेजारी ठेवून वाचत मिळवले आहे. त्या वाचनात एक प्रश्न सतत समोर येत राहिला : वजन नाहीसे झाले तर हाड का झिजावे?

आधी वजनाचेच पाहू. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतेच. पण स्थानक आणि आतली माणसे एकाच वेगाने पृथ्वीभोवती अखंड ‘पडत’ असतात, म्हणून तळवा फरशीला रेटत नाही आणि फरशी तळव्याला. आपण ज्याला वजन म्हणतो ते प्रत्यक्षात या रेट्यामुळेच जाणवते. तो गेला की हाडांचे रोजचे काम गेले.

हाड ही जिवंत वस्तू आहे. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड मोडतात, ऑस्टिओब्लास्ट नवे रचतात आणि हाडाच्या आत बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी भार जोखून दोघांना इशारा देतात. हाड भाराप्रमाणे घडते, हे जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. भार नसला की मोडणे चालू राहते आणि रचणे मागे पडते. सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मुतखड्याचाही धोका वाढतो. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घटते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची एवढी झीज व्हायला वर्षभर लागते. हातांच्या हाडांना मात्र फारसे काही होत नाही, कारण जमिनीवरही शरीराचे ओझे ती वाहत नाहीत. स्नायूंचेही तसेच : आपल्याला उभे ठेवणाऱ्या पोटऱ्या, मांड्या आणि पाठ यांना पहिला फटका बसतो.

उपाय म्हणून आधी व्यायामाचा वेळ वाढवला गेला. अमेरिकेच्या स्कायलॅबवर १९७३-७४ मध्ये तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. रोजचा व्यायाम अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत नेला. शेवटच्या तुकडीला सायकलीच्या जोडीला टेफ्लॉनची गुळगुळीत पाटी मिळाली. लवचीक पट्ट्यांनी स्वतःला तिच्याकडे ओढून घेऊन, पाय घसरवत चालायचे. सर्वांत लांब मोहीम असूनही याच तुकडीचे पाय सर्वांत कमी अशक्त झाले. पुढे व्हॅलेरी पोल्याकोव्ह ‘मीर’ स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून मार्च १९९५ मध्ये परतले आणि स्वतःच्या पायांनी खुर्चीपर्यंत चालत गेले. स्नायू टिकवता येतात हे दिसले. पण ‘मीर’वरच्या अंतराळवीरांची हाडे व्यायाम करूनही झिजतच होती.

कारण साध्या हिशेबात आहे. ७० किलोचा माणूस खांद्यावर ६० किलो घेऊन बैठक मारतो, तेव्हा त्याचे पाय जवळजवळ १३० किलो उचलत असतात. अंतराळात त्याचे स्वतःचे वजन शून्य, म्हणजे सगळा भार यंत्रानेच द्यायला हवा. आंतरराष्ट्रीय स्थानकावरचे पहिले यंत्र जेमतेम १३६ किलोपर्यंतचा भार देई. जमिनीवरची साधी कसरत झाली की यंत्राची मर्यादा संपली! २००८ मध्ये पोहोचलेले ‘एरेड’ हे यंत्र २७२ किलोपर्यंत भार देते. त्यातल्या नळकांड्यांत निर्वात पोकळी असते आणि दट्ट्या ओढताना खोलीतल्या हवेच्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. रबर ताणत जावे तसा भार वाढत जातो. इथे मात्र तो लोखंडी वजनासारखा एकसारखा राहतो. हे यंत्र, पुरेसा आहार आणि ड जीवनसत्त्व यांच्या जोरावर बहुतेक हाडांची घनता टिकवता येते, असे २०१२ च्या एका शोधनिबंधात दिसून आले.

तरीही प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. १७ अंतराळवीरांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. परतून वर्ष लोटल्यावरही त्यांच्यापैकी अनेकांचे नडगीचे हाड पूर्ववत झाले नव्हते. मंगळाचा एका बाजूचा प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा. एवढे अवजड यंत्र छोट्या यानात मावणे अवघड, आणि तिथे उतरल्यावर हात द्यायला कुणी नसणार. म्हणून इतर वाटाही शोधल्या जात आहेत. राकेश शर्मा यांनी १९८४ मध्ये सॅल्यूट-७ वर योगासने करून पाहिली होती. शुभांशु शुक्ला यांनी २०२५ मध्ये स्थानकावर केलेल्या प्रयोगांत बंगळुरूच्या ‘इनस्टेम’ संस्थेचा स्नायूपेशींच्या वाढीवरचा प्रयोग होता.

या संशोधनासाठी प्रत्येक वेळी अंतराळात जावे लागत नाही. जर्मनीत कोलोन येथे निरोगी स्वयंसेवकांना डोके सहा अंश खाली ठेवून ६० दिवस खाटेवर झोपवून ठेवतात. त्यांच्या पायांचे स्नायू आणि हाडे अंतराळवीरांप्रमाणेच क्षीण होऊ लागतात. अंथरूण हे पृथ्वीवरचे अंतराळच म्हणायचे.

हे वाचल्यापासून घरातल्या ज्येष्ठांना प्रेमाने म्हटले जाणारे ‘आता तुम्ही नुसते बसून राहा’ हे वाक्य मला खटकते. माझीही पन्नाशी उलटली आहे. प्रत्येकाने २७२ किलो उचलावे असे नाही. हाडे आधीच ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. पण जिना चढणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, बाजारातली पिशवी स्वतः आणणे ही कामे ज्यांना झेपतात, त्यांच्या हातून ती काढून घेऊ नयेत.