वर्गणीदारांचे पूर्वज, आणि इतरांचे

अमेरिकेत राज्याखालच्या प्रशासकीय विभागाला काउंटी म्हणतात. अशा काउंट्या तीन हजारांवर आहेत; लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहाचे परवाने, कराच्या याद्या, पोरक्या मुलांच्या पालकत्वाचे हुकूम हे सगळे कागद काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या साठत आले. म्हणून तिथे पूर्वजांचा माग काढणाऱ्याला राज्याच्या इतिहासापेक्षा काउंटीचा इतिहास अधिक कामाला येतो. मराठी कुलवृत्तांत एक कूळ धरून गावोगाव फिरतो. काउंटी-इतिहास एक जागा धरून बसतो आणि तिथे राहून गेलेल्या सगळ्या कुळांची नोंद घेतो. निदान घ्यायला हवी.

या ग्रंथप्रकाराला बळ मिळाले ते १८७६ साली. स्वातंत्र्याची शताब्दी तोंडावर आली असताना १३ मार्च रोजी काँग्रेसने ठराव केला, की ४ जुलैला लोकांनी काउंटीत किंवा गावात जमून तिथल्या इतिहासाचे वाचन करावे, त्याची एक प्रत काउंटीच्या कचेरीत ठेवावी आणि दुसरी काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे पाठवावी. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी २५ मे रोजी तसे आवाहनही केले. भाषणे झाली, प्रती जमा झाल्या. मग या कामात पैसा आहे हे प्रकाशकांच्या ध्यानात आले.

शिकागोची लुइस पब्लिशिंग कंपनी, गुडस्पीड, ए. टी. अँड्रियास अशा मंडळींनी पुढची तीन-चार दशके हा धंदा जोरात चालवला. त्याची रीत ठरलेली होती. आधी एजंट शेतोशेती फिरून वर्गणीदार गोळा करी. मागाहून दुसरा माणूस येऊन घरच्यांकडून माहिती उतरवून घेई. चरित्र छापण्याचे आणि पोलादी ठशावरून चित्र काढवण्याचे पैसे वेगळे. दाढीवाल्या प्रतिष्ठितांच्या या चित्रांवरूनच पुढे या ग्रंथांना ‘मग बुक’, म्हणजे थोबाडांचे पुस्तक, असे कुत्सित नाव पडले. गुडस्पीडने १८८६-८७ च्या सुमारास टेनेसीचे खंड काढले, तेव्हा राज्याचा इतिहास तोच ठेवला आणि त्याला निरनिराळ्या काउंट्यांचे भाग जोडून बांधणी केली. १८७९ मध्येच बेट्स हॅरिंग्टन यांनी अशा फिरत्या एजंटांच्या क्लृप्त्या उघड करणारे एक पुस्तक लिहिले होते; तरी धंदा थांबला नाही.

ज्याने पैसे मोजले त्याचे चरित्र छापले जाणार, म्हटल्यावर त्यात दिवाळखोर कुठून यायचा? सगळे उद्योगी, सगळे धर्मशील. घराण्याचे मूळ सांगताना ‘तीन भाऊ जहाजाने आले’ ही कथा इतक्या कुटुंबांत सापडते, की मुरलेले संशोधक ती वाचताच सावध होतात. आणि तरीही हे खंड टाकाऊ नाहीत. १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि ती विझवताना वापरलेल्या पाण्यात खराब झाली. उरलेली पुढे सरकारी मंजुरीनेच नष्ट करण्यात आली. सव्वासहा कोटींवर माणसांच्या त्या गणनेतली जेमतेम सहा हजार नावे आज हाती आहेत. १८८० ते १९०० या वीस वर्षांत कुटुंब कुठे होते, आईचे माहेरचे नाव काय, मूळ गाव का सोडले, हे कधीकधी फक्त त्या पैसे घेऊन छापलेल्या चरित्रातच मिळते. विल्यम फिल्बी यांनी १९८५ मध्ये काउंटी-इतिहासांची सूची छापली, तीत सुमारे पाच हजार ग्रंथांची नोंद आहे.

दुसरी लाट आली १९७६ च्या द्विशताब्दीनंतर. त्याच वर्षी अ‍ॅलेक्स हेली यांचे पूर्वजांच्या शोधावरचे ‘रूट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, जानेवारी १९७७ मध्ये त्यावरची मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि वंशावळी शोधण्याचे वेड घराघरात शिरले. स्थानिक इतिहास मंडळांनी कुटुंबांना आपापली हकिकत लिहून पाठवायला सांगितले, आगाऊ मागणी नोंदवून छपाईचा खर्च उभा केला. आता चरित्रासाठी पैसे पडत नव्हते, पण आत शिरण्याची वाट अरुंदच राहिली: ज्याने लिहून पाठवले तो आला, ज्याच्यामागे लिहिणारे कोणी उरले नव्हते तो राहिला. संकलकाचे खरे काम इथून सुरू होते.

आधी सीमा नक्की कराव्या लागतात. व्हर्जिनियाने १७७६ च्या अखेरीस केंटकी काउंटी निर्माण केली, १७८० मध्ये तिचे फेयेट, जेफरसन आणि लिंकन असे तीन भाग केले. १७९२ मध्ये केंटकी हे स्वतंत्र राज्य झाले आणि आज तिथे १२० काउंट्या आहेत. काउंटी फुटली तरी जुने दप्तर सहसा मूळ काउंटीतच राहते. एकाच शेतावर जन्म काढलेल्या माणसाचे कागद त्यामुळे तीन ठिकाणी असू शकतात. ग्रंथाच्या आरंभी फाळण्यांचा तक्ता आणि नकाशे देणे हे शोभेसाठी नसते. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने तयार केलेला काउंटी-सीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह या कामी मोठा आधार आहे.

मग जनगणना. १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आले आणि १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नाते. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची यादी वेगळी केली जाई. तिच्यात नाव असे ते मालकाचे. त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, वर्ण, पळून गेलेला असल्यास तशी खूण. ‘३५, स्त्री, काळी’ एवढीच ओळ. ती स्त्री कोण हे शोधायला मालकाच्या मृत्यूनंतर झालेली मालमत्तेची मोजदाद पाहावी लागते, कारण तिथे घोडे, नांगर, तांब्याची भांडी यांच्या जोडीला गुलामांची नावे आणि किमती लिहिलेल्या असतात. यादीतले वय आणि मोजदादीतले नाव जुळले, आणि १८७० च्या जनगणनेत त्याच परिसरात तशीच स्त्री सापडली, तर धागा लागण्याची शक्यता असते, खात्री नव्हे. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या (१८६५-७४) खातेदारांच्या नोंदींत आईवडील, भावंडे, कधी पूर्वीचा मालकही नमूद आहे. नॉर्थ कॅरोलायनात १८६६ च्या कायद्याने मुक्त झालेल्या जोडप्यांना आपले सहजीवन काउंटीत नोंदवावे लागले, तेव्हा ते किती वर्षांपासून एकत्र राहतात हेही लिहिले गेले. वर्गणीदारांच्या ग्रंथांत ही जोडपी बहुधा शोधूनही सापडत नाहीत.

स्त्रियांचे तसेच. पतीने जमीन विकली, की अनेक राज्यांत पत्नीला पतीपासून बाजूला घेऊन तिची संमती खरी आहे का हे विचारत आणि खतावर तसा शेरा मारत. दुसऱ्या कुठल्याही कागदात नसलेले तिचे नाव त्या शेऱ्यात मिळून जाते. जुन्या खतांतल्या चतुःसीमाही वाचायला शिकाव्या लागतात: पांढऱ्या ओकपासून ओढ्यापर्यंत इतके ‘पोल’, आणि एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. शेजाऱ्यांची नावे सीमेतच असतात, आणि शेजारी बरेचदा सासुरवाडीचे निघतात.

वृत्तपत्रे, चर्चची दप्तरे, थडग्यांवरचे लेख यांची जोड अर्थातच लागते. १७५२ पूर्वीच्या तारखांना मात्र जपावे लागते. इंग्रजी वसाहतींत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारीतली तारीख १७३१/३२ अशी दुहेरी लिहितात. ती ‘सुधारून’ एकेरी करणारा संकलक पुढच्या संशोधकाला एक वर्ष चुकवतो.

कुटुंबाने पाठवलेली हकिकत कागदाशी जुळली नाही, तर ती बदलू नये. तिच्याखाली खताचे किंवा मृत्युपत्राचे पुस्तक आणि पान देऊन तफावत दाखवावी. हयात माणसांच्या जन्मतारखा वगळतात. सूची फक्त ठळक नावांची करून चालत नाही: साक्षीदार, जामीन, शेजारी, मोजदादीत फक्त पहिल्या नावाने आलेले गुलाम, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी स्त्रिया, सगळे तीत यावे लागते. हे काम पाने कायम झाल्यावरच करता येते, म्हणून ते नेहमी घाईच्या वेळी येते आणि नेमके तिथेच अंग चोरले जाते. छापील प्रती काउंटीच्या ग्रंथालयात, राज्याच्या अभिलेखागारात, इंडियानातल्या फोर्ट वेन इथल्या अ‍ॅलन काउंटी ग्रंथालयात आणि सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळी-ग्रंथालयात पाठवतात. दुरुस्त्या आणि भर यांची पुरवणी पुढे निघते, तीही त्याच ठिकाणी जाते.