'सांगत्ये ऐका' : हंसाबाईंचे बंड नेमके कशाविरुद्ध?

मंडळी, हंसा वाडकर हे नाव आपल्यातल्या ज्येष्ठांना नव्याने सांगायला नको. 'संत सखू' (१९४१) मधली सोशिक सून त्यांनीच रंगवली आणि 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मधली फडावरची बयाही त्यांचीच. नव्या पिढीसाठी मात्र थोडी ओळख करून द्यायला हवी.

त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घरात पैशाची चणचण, म्हणून शाळा सुटली आणि लहान वयातच त्या चित्रपटात आल्या. पुढे बॉम्बे टॉकीज, प्रभात, राजकमल अशा नामवंत संस्थांच्या चित्रपटांतून त्यांनी कामे केली. आपली जीवनकथा त्यांनी पत्रकार अरुण साधू यांना सांगितली. ती आधी 'माणूस'मध्ये आली आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने तिचे पुस्तक केले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हंसाबाई गेल्या. पुस्तकाचे नाव त्यांच्याच गाजलेल्या तमाशापटाचे आहे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला होता.

बंडखोर नटीचे आत्मचरित्र म्हटले की आपण काही ठरावीक गोष्टी गृहीत धरतो. दारू, परपुरुष, घर सोडून जाणे. या पुस्तकात हे सगळे आहे आणि हंसाबाईंनी त्यावर पांघरूण घातलेले नाही. पण शांतपणे वाचले की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. या बाईला हवा होता तो साधा संसार! लग्नानंतर काम सोडून घर सांभाळावे, मुलेबाळे वाढवावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्या घरात बसल्या तर पैसा आणणार कोण? आधी माहेर त्यांच्या कमाईवर चालले, मग सासर. नवऱ्याने त्यांना काम सोडू दिले नाही आणि वर संशयही घेतला. पैसा मिळवायचा हंसाबाईंनी, निर्णय घ्यायचे दुसऱ्यांनी.

या कोंडीतून त्या बाहेर पडल्या त्या एका परक्या माणसाबरोबर, आणि मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाऊन अडकल्या. तिथे पदर डोक्यावरून ढळू द्यायचा नाही, वाड्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. हवा होता तो संसार मिळाला, पण कुलूप लावलेला. पडद्यावर सासुरवास सोसणाऱ्या सखूला विठ्ठल सोडवायला आला. हंसाबाईंसाठी कोणी विठ्ठल आला नाही.

श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावरून 'भूमिका' (१९७७) काढला. त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट उत्तमच आहे, पण पुस्तकाची गोडी निराळी. 'सांगते' नव्हे, 'सांगत्ये'! घरातली एखादी मावशी दुपारी चहाचा कप हातात घेऊन बोलावी, तशी ही भाषा. रडगाणे नाही, उपदेश नाही, आणि स्वतःला सोडून दुसऱ्यालाच दोष देणेही नाही.

'असली पुस्तके घरात कशाला?' असे काही पालकांना वाटेल. परदेशात मुली वाढवताना आपण आधीच धास्तावलेले असतो, हे खरे. पण आपल्या मुली शिकतील, नोकरी करतील, आपल्यापेक्षा जास्त कमावतील. हाती पैसा आला म्हणजे स्वातंत्र्य आले असे नव्हे, हे त्यांना कोणी सांगायचे? आपल्याही घरांत दोन पगार येतात. खात्यावर दोघांची नावे असतात. पण गावाकडे पैसे किती पाठवायचे, घर कोणते घ्यायचे, नोकरी कोणी सोडायची, हे ठरवताना दोघांच्या शब्दाला सारखे वजन असते का? हा प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही. हंसाबाई तो विचारायला लावतात.

पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत संपेल. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी 'यू आस्क, आय टेल' हा जसबीर जैन व शोभा शिंदे यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली निघाला आहे. आईने मराठीतून आणि लेकीने इंग्रजीतून वाचावे, आणि मग जेवणाच्या टेबलावर बोलावे. बाबांनीही टेबलावरून लवकर उठू नये!