छडीच्या टोकावरचा बीथोव्हन

बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात कुठे ना कुठे कानावर पडलेलीच असते. तीन तोकडे स्वर, मग एक लांब. पण स्वरलिपी उघडली, की चकित व्हायला होतं: तिथे सर्वांत आधी स्वर नाहीच, विराम आहे! जेमतेम अर्ध्या मात्रेचा. सगळ्या तंतुवाद्यांनी आणि क्लॅरिनेटांनी त्या रिकाम्या क्षणातून एकदम, पुऱ्या वेगात, बाहेर पडायचं. आधार काय, तर समोरच्या माणसाचा हात. आणि तो तर स्वतः एकही स्वर वाजवत नाही.

१९७४ साली व्हिएन्नाच्या मुझिकफेराइन सभागृहात, व्हिएन्ना फिलहार्मोनिकपुढे, तो हात कार्लोस क्लायबरचा होता. ते ध्वनिमुद्रण जरूर ऐका. चार स्वरांची ती आकृती लगेच पुन्हा येते, तेव्हा तिचा शेवटचा स्वर आधीपेक्षा जास्त लांबतो. बीथोव्हनने लिहिलंच आहे तसं. पण क्लायबरकडे त्या लांबलेल्या स्वरातही वेग थांबत नाही, नुसता दाबून धरलेला असतो. पहिला भाग साडेसात मिनिटांच्या आत संपतो, आणि कुठेही घाई झाल्यासारखं वाटत नाही. हे कसं साधतं, याचं मला अजून नवल वाटतं.

क्लायबर १९३० साली बर्लिनमध्ये जन्मला. वडील एरिख हेही नामवंत वाद्यवृंद-संचालक. नाझी राजवटीत त्यांनी बर्लिनच्या ऑपेराचं पद सोडलं, कुटुंब दक्षिण अमेरिकेत गेलं आणि कार्लचा कार्लोस झाला. झ्युरिकमध्ये थोडंफार रसायनशास्त्र शिकून तो संगीताकडेच वळला.

त्याच्या समकालीन संचालक कारायानने बीथोव्हनच्या नऊही सिंफनी पुन्हा पुन्हा मुद्रित केल्या. क्लायबरने स्टुडिओत केल्या दोनच, पाचवी आणि सातवी. शूबर्टच्या दोन, ब्राम्सची एक, चार ऑपेरा, पियानोवादक रिख्टरसोबत द्वोर्झाकचा पियानो कॉन्चेर्टो. स्टुडिओतलं काम जवळपास एवढंच. त्यातलं वाग्नरचं ‘ट्रिस्टान’ ड्रेस्डेनमध्ये पुरं व्हायच्या आतच तो निघून गेला.

याला लहरीपणा म्हणणं मला पटत नाही. १९८२ साली व्हिएन्नात बीथोव्हनच्या चौथ्या सिंफनीची तालीम चालली होती. संथ भागाच्या आरंभी दुसऱ्या व्हायोलिनांना एक डुलती लय आहे. ती ‘तेरेझ, तेरेझ’ या नावाच्या उच्चारासारखी उमटावी, एवढंच त्याचं मागणं. वादकांकडून ‘मारी, मारी’ येत राहिलं. तो उठला आणि गेला, कार्यक्रमही सोडून. ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना तो फरक कळला असता? त्याला मात्र कळत होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

२००४ साली तो गेला. पुढे २०११ मध्ये बीबीसीच्या संगीत-मासिकाने शंभर संचालकांनाच सर्वश्रेष्ठ कोण असं विचारलं, तेव्हा क्लायबर पहिला आला. पाचवी आणि सातवी एकाच सीडीत मिळतात. डोळ्यांनीही पाहायचं असेल, तर १९८३ चं ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहातलं चित्रण आहे: तीच चौथी, आणि सातवी. त्यात मधूनच तो ठोके द्यायचं थांबवतो, मागच्या कठड्याला रेलतो, आणि वाद्यवृंद आणखी पेटून वाजवू लागतो.