मण्यारीच्या रंगसूत्रावरील प्रश्न

हैदराबादच्या उप्पल रस्त्याने जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस 'सीसीएमबी'ची पाटी परिचयाची आहे. तेथील डॉ. लालजी सिंग यांचे नाव निघताच 1991 सालच्या राजीव गांधी हत्येचा तपास किंवा 1995 सालचे दिल्लीचे तंदूर प्रकरण आठवते. गुन्हेतपासाला डीएनएची साक्ष मिळवून देणारे शास्त्रज्ञ, ही त्यांची ख्याती रास्तच आहे. परंतु त्यांच्या कार्याचा गाभा न्यायालयात नसून सापाच्या अंडपेशीत आहे असे मला वाटते, आणि येथे त्याविषयीच लिहावयाचे आहे.

जौनपूर जिल्ह्यातील कलवारी या खेड्यात 1947 साली जन्मलेल्या सिंग यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या रंगसूत्रांवर 1971 साली डॉक्टरेट मिळविली. विषय ऐकून कोणीही विचारावे, याचा उपयोग काय? सापांत मादीची दोन लिंगरंगसूत्रे परस्परभिन्न असतात आणि नराची सारखी. म्हणजे आपल्या नेमके उलट. अजगरात हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, नाग-मण्यारीत मात्र ठळक दिसतो. हा भेद उत्क्रांतीत कसा निर्माण झाला, हे त्यांचे कुतूहल होते.

1974 साली ते एडिंबरोला गेले. तेथे केनेथ जोन्स यांच्यासमवेत काम करताना मादी पट्टेरी मण्यारीच्या 'डब्ल्यू' रंगसूत्रावर एकवटलेला डीएनएचा एक अंश त्यांना सापडला. त्याचे नाव बीकेएम. 'गाटा' ही चार अक्षरे त्यात पुनःपुन्हा येतात, जणू पाढा म्हणणाऱ्या मुलाची जीभ एकाच ओळीवर अडकावी! हाच अंश उंदराच्या 'वाय' रंगसूत्रावरही आढळला. काही उंदरांत दोन्ही रंगसूत्रे 'एक्स' असूनही जीव नर होतो. 'वाय'चा तुकडा 'एक्स'ला जोडला गेल्याने असे घडते, हे 1982 साली त्यांनी बीकेएमच्या साहाय्याने दाखविले.

खरी मौज पुढेच आहे. सापाच्या शरीरपेशींत 'डब्ल्यू' रंगसूत्र घट्ट आवळलेले व निःशब्द असते. वाढत्या अंडपेशीत मात्र ते उलगडते. डीएनए तर दोन्हीकडे तोच! ग्रंथालय एकच, पण कोणते कपाट कोणत्या तासाला उघडावयाचे? जनुकनियंत्रणाचा प्रश्न तो हाच. 1994 साली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाटाला चिकटणारे एक प्रथिन वर्णिले. ते मादी सापाच्या अंडाशयात आणि नर उंदराच्या वृषणात, म्हणजे जेथे भिन्न रंगसूत्राला उलगडावयाचे असते नेमके तेथे, मिळाले. किल्ली फिरविणारा हात तो हाच असावा, असे त्यांचे अनुमान होते. तत्पूर्वी 1990 साली लंडनच्या संशोधकांनी नरत्वाचा 'एसआरवाय' जनुक शोधला होता. तेव्हा लिंग ठरविणारा संकेत गाटात असेल ही आशा मावळली. तरीही कपाट उघडण्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला नाही, हे त्यांनी ओळखले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची थोरवी मला येथे अधिक दिसते.

1987 साली ते हैदराबादला आले. गाटाची पुनरावृत्ती व्यक्तिपरत्वे कमी-अधिक असते, म्हणून तिच्यावरून माणूस ओळखता येतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 साली अशी पद्धत शोधली होती. सिंग यांनी 1988 मध्ये मण्यारीच्या त्याच अंशातून देशी पद्धत सिद्ध केली. पुढचे सारे वृत्तपत्रांतून आले आहेच.

1998 ते 2009 ते या संस्थेचे संचालक होते. 2009 साली 'नेचर'मध्ये आलेल्या, 25 भारतीय समूहांतील 132 व्यक्तींच्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता. त्यातून बहुतेक समूहांचा मूळ वारसा दोन प्राचीन प्रवाहांचा आहे असे दिसले. आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच जातीत विवाह करणाऱ्या समूहांत दोन्ही पालकांकडून आल्यासच प्रकटणाऱ्या आनुवंशिक रोगांचे प्रमाण अधिक असेल, असेही. हा निष्कर्ष आपल्या घराघरांतील सोयरिकीशी संबंधित असूनही त्याची चर्चा खटल्यांइतकी झाली नाही.

बनारस विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून डॉ. सिंग 10 डिसेंबर 2017 रोजी वाराणसीत निवर्तले. ग्रामीण रुग्णांच्या आनुवंशिक रोगांच्या निदानासाठी त्यांनी जीनोम फाउंडेशन ही संस्था स्थापन केली होती.