कॉम्प्युटरचा वैल

आमच्या सासूबाईंच्या चुलीला वैल होता. चुलीवर भात रटरटायचा आणि त्याच जाळावर शेजारच्या वैलावर आंघोळीचं पाणी तापायचं. गॅस आला, चूल गेली, वैलही गेला. त्याची आठवण झाली ती शाळेत!

चंद्रपूरहून गडचिरोलीच्या वाटेवरच्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. पावसाळ्यात वसतिगृहातल्या मुलींचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. परवा पाहते तो काय, कॉम्प्युटरच्या खोलीमागे एसीची जी पेटी गरम हवा फेकते, तिच्यावरच पोरींनी ओढण्या पसरलेल्या! आधी रागावले. पेटी झाकली तर यंत्र बिघडतं. मग दोन हात दूर दोरी बांधून दिली. संध्याकाळपर्यंत ओढण्या कोरड्या!

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर जी वीज खातो, तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालतात अशी केंद्रं आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीला आहेत. तिथे यंत्रं थंड ठेवायला आणखी वीज लागते. थंड देशांत मात्र काही ठिकाणी ही ऊब वाया घालवत नाहीत. डेन्मार्कच्या ओडेन्से गावात फेसबुकच्या केंद्रातली ऊब पंपाने वाढवून, पाण्याच्या नळांतून घरोघर पोचवतात. इंग्लंडात एक्समथ इथे २०२३ साली वॉशिंग मशीनएवढ्या कॉम्प्युटर-पेटीने पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवायला सुरुवात झाली.

आपल्या चंद्रपुरात घर तापवून हवंय कुणाला? मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो! शिवाय ही ऊब कोमट असते, लांब नेली तर वाटेतच निवते. आपल्या २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्राचंच बघा ना. कोळशाच्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच वीज होते, उरलेली बरीचशी त्या उंच मनोऱ्यांतून वाफेबरोबर आकाशात जाते.

पण गरम पाणी तर आपल्यालाही लागतं. दवाखान्यात लागतं, वसतिगृहात लागतं. आमच्या मुली डिसेंबरात पहाटे गारठलेल्या पाण्याने आंघोळ करतात, ते पाहून जीव कळवळतो. एसीचा उपयोग तेव्हा नाही, थंडीत तो बंदच असतो. त्यांच्यासाठी मी सूर्यबंबाचा अर्ज दिला आहे. बाराही महिने चालणाऱ्या मोठ्या केंद्रांची गोष्ट मात्र वेगळी. शेजारी दवाखाना असेल तर त्याचं पाणी तापवायचा विचार बांधतानाच व्हायला हवा. मागाहून भिंती फोडून वैल बसत नाही.

तोवर आपल्या घरात पाहू या. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागची ऊब कोंडली की बिल वाढतं. भात शिजत आला की गॅस बंद करून झाकण ठेवा, उरलेलं काम वाफ करते. कुकर लावताना वरच्या डब्यात बटाटे ठेवा.

सासूबाई म्हणायच्या, "जाळ एक, कामं दोन." त्यांना कॉम्प्युटर ठाऊक नव्हता, पण जाळाची किंमत ठाऊक होती.